सेऊलची हिरवी बस आणि नागपूरची ग्रीन बस

दिवाळीत किंवा डिसेंबरात परदेशातून घरी आलेली मुलं चार दिवसांत एकच तक्रार सुरू करतात. म्युनिकमध्ये, सिंगापूरमध्ये स्वतःची गाडी नव्हती तरी कुठे अडलं नाही, आणि इथे नागपुरात मनीषनगरातून इतवारीला जायचं तर बाबांची स्कूटर मागावी लागते. घरातल्या मोठ्यांचं उत्तरही ठरलेलं असतं. तिकडे माणसं कमी, पैसा जास्त, शिवाय लोकांना शिस्त. हे उत्तर मला कधीच पटलं नाही. सेऊलमध्ये नागपूरपेक्षा कितीतरी पट जास्त माणसं राहतात, आणि वीस-बावीस वर्षांपूर्वी तिथले बसप्रवासीही आपल्यासारखेच वैतागलेले होते. तिथे काय बदललं आणि आपल्याकडे काय राहून गेलं, हे समजून घ्यायचं तर बसच्या करारापर्यंत मागे जावं लागतं.

मुंबईच्या बस १९४७ पासून पालिकेच्या उपक्रमाकडे आहेत. पुण्यानेही १९५० च्या सुमारास स्वतःची सेवा उभी केली. नागपूरने तसं केलं नाही. मध्य प्रांताच्या काळातली सरकारी बससेवा १९६१ मध्ये एसटीत विलीन झाली आणि पुढे जवळपास साडेचार दशकं शहरातली बसही एसटीनेच चालवली. एसटीचा जीव गावोगावच्या फेऱ्यांत, त्यामुळे शहर बस हे तिच्यासाठी कायम बाजूचं काम राहिलं. याहून मोठी गोष्ट म्हणजे या सगळ्या काळात बसचे मार्ग आखणारा, वेळापत्रक बसवणारा, प्रवासी मोजणारा स्वतःचा विभाग महापालिकेत उभाच राहिला नाही. २००७ मध्ये बस महापालिकेच्या हाती आली तेव्हा अनुभवाची पाटी कोरी होती.

त्याच काळात देशाचं वारं बदललं होतं. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्पष्ट लिहिलं होतं की रस्त्यांचा विचार वाहनं नव्हे तर माणसं हलवण्यासाठी व्हावा. केंद्राच्या शहर विकास योजनेतून निधीची दारं उघडली होती. नागपूरचे रस्ते तर त्याच्या थोडं आधीच रुंद झाले होते. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना बुलडोझर आणि एका रात्रीत मोकळे झालेले चौक आठवत असतील. त्या रुंद रस्त्यांवर बससाठी एक पट्टा राखायची ती वेळ होती. तो राखला गेला नाही, आणि ती जागा दुचाकी व चारचाकींनी भरून काढली.

ज्या निर्णयावर वाद घालायला हवा तो याच काळातला आहे. २००७ मध्ये शहर बस एका खासगी कंत्राटदाराकडे गेली. तिकिटाचे पैसे त्याने ठेवायचे आणि महापालिकेला ठरलेलं स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, द्यायचं, अशी रचना होती. महापालिकेच्या तिजोरीवर भार नाही, उलट चार पैसे मिळतील, असं त्यावेळी वाटलं. पण ज्याचं पोट तिकिटावर, तो गर्दीच्याच मार्गावर बस घालणार. बर्डीकडे, म्हणजे शहराच्या मध्यावरच्या सीताबर्डीकडे, येणाऱ्या रस्त्यांवर एकामागोमाग दोन बस, आणि कडेच्या वस्त्यांत दुपारनंतर शुकशुकाट. त्या वर्षांत सक्करदऱ्याच्या एका थांब्यावर उभा असताना हे मी रोज पाहायचो. चालक इंजिन चालू ठेवून बसलेला, वाहक पायरीवरून ‘बर्डी, बर्डी’ ओरडतोय, आणि शेवटची सीट भरेपर्यंत चाक हलत नाही. आत बसलेल्या आजींनी दोनदा विचारलं, ‘दादा, कधी सोडता?’ त्या वाहकाला दोष देण्यात काही अर्थ नव्हता. रिकामी बस वेळेवर सोडली तर तोटा त्याच्या मालकाचा होता.

हा करार वादात सापडला आणि २०१७ मध्ये रचना उलटी झाली. आता बस चालवणाऱ्यांना किलोमीटरमागे पैसे, तिकिटाचा गल्ला महापालिकेचा, आणि तिकीटवसुलीचं काम वेगळ्या यंत्रणेकडे. ‘आपली बस’ हे नाव तेव्हापासूनचं. या बदलाला ‘महापालिकेने तोटा अंगावर घेतला’ असं म्हटलं गेलं. मला ते मांडणंच चुकीचं वाटतं. बाग आणि पथदिव्यांवरचा खर्च कुणी तोटा म्हणत नाही, मग बसचाच का म्हणायचा? किलोमीटरमागे पैसे देण्याची पद्धत बरोबरच होती. सिंगापूरने २०१६ मध्ये नेमकं हेच केलं. तिकिटाचा महसूल सरकारकडे आणि कंपन्यांना सेवा दिल्याचे ठरलेले पैसे. सेऊलने तर हे २००४ मध्येच करून दाखवलं होतं.

सेऊलचं उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण ते आपल्या सगळ्यात जवळचं आहे. तिथे मार्गांचे हक्क खासगी बसकंपन्यांकडे होते. फायद्याच्या मार्गासाठी झुंबड, तोट्याचे मार्ग वाऱ्यावर. १ जुलै २००४ रोजी शहराने मार्ग आखण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला, कंपन्यांना किलोमीटरमागे पैसे द्यायला सुरुवात केली आणि मोठ्या रस्त्यांच्या मधोमध बससाठी पट्टे राखायला घेतले. बस आणि भुयारी रेल्वेचं भाडं एकत्र झालं. पहिल्या १० किलोमीटरला एक दर, पुढे दर ५ किलोमीटरला थोडी वाढ, मग वाटेत बस बदला नाहीतर रेल्वेत चढा. उतरताना कार्ड लावायचं आणि अर्ध्या तासात पुढची गाडी पकडायची, नवं तिकीट नाही. सुरुवातीला कार्डयंत्रं बिघडली, लोक संतापले, महापौरांना माफी मागावी लागली. पण व्यवस्था मागे घेतली नाही.

बसला रंगही दिले. लांबच्या मुख्य मार्गावरची निळी, वस्तीतून रेल्वे स्थानकाकडे नेणारी हिरवी, उपनगरातून येणारी लाल, मध्यवर्ती भागात गोल फिरणारी पिवळी. वाचता न येणारा माणूसही रंगावरून बस ओळखू शके.

नागपूरलाही हिरवी बस मिळाली होती. २०१४ मध्ये इथेनॉलवर चालणाऱ्या स्वीडिश बसची चाचणी झाली आणि पुढे ‘ग्रीन बस’ म्हणून ती रस्त्यावर आली. वातानुकूलित, खालच्या पायरीची, गुळगुळीत चालणारी. म्हाताऱ्या माणसांना तिच्यात चढताना हात द्यावा लागत नसे. २०१८ मध्ये पैशांच्या वादात ती बंद पडली. तिच्याबद्दल मला आजही हळहळ वाटते, पण एक फरक नोंदवायला हवा. सेऊलचा हिरवा रंग प्रवाशाला ती कुठे नेईल ते सांगत होता. आपला हिरवा रंग तिच्या टाकीत काय आहे ते सांगत होता. जी बस मोठ्या जाळ्याचा भाग नाही, तिचं इंधन कितीही स्वच्छ असलं तरी पैशांचा पहिला तंटा झाला की ती थांबते.

राहिला ‘तिकडे पैसा जास्त’ हा मुद्दा. झ्युरिकच्या नागरिकांनी १९६२ आणि १९७३ अशी दोनदा मतदानात भुयारी रेल्वे नाकारली. १९७७ मध्ये त्यांनी २० कोटी फ्रँक मंजूर केले ते असलेल्या ट्राम आणि बस वेगाने धावाव्यात म्हणून. ट्राम चौकाजवळ आली की रस्त्यातल्या संवेदकाला कळतं आणि तिच्या बाजूचा सिग्नल हिरवा होतो. मोटारी थांबतात, ट्राम थांबत नाही. १९९० पासून त्या सगळ्या प्रदेशात ट्राम, बस, रेल्वे आणि तलावातल्या बोटीलाही एकच तिकीट चालतं. श्रीमंत शहराने स्वस्तातला उपाय निवडला आणि तो मनापासून राबवला.

आपण मेट्रो निवडली. २१ ऑगस्ट २०१४ ला भूमिपूजन, मार्च २०१९ मध्ये खापरीहून बर्डीपर्यंत पहिली धाव, जानेवारी २०२० मध्ये लोकमान्यनगरची बाजू, आणि ११ डिसेंबर २०२२ ला ऑटोमोटिव्ह चौक व प्रजापतीनगरकडचे उरलेले टप्पे. सुमारे ३८ किलोमीटरचं हे काम देखणं झालं आहे, त्याचा अभिमान मलाही आहे. वर्धा रोडवरचा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल विक्रमात नोंदला गेला. पण १ जानेवारी २०२३ ला एका दिवसात दोन लाखांवर प्रवासी झाले तो दिवस सुट्टीतल्या फिरण्याचा होता. कामाच्या दिवशी मेट्रो भरायची तर घरापासून स्थानकापर्यंत आणि स्थानकापासून कामापर्यंत काहीतरी हवं. केंद्राने मेट्रोसाठी पूरक बससेवा आणि शहराच्या एकत्रित वाहतूक प्राधिकरणाची अट घातली ती २०१७ च्या धोरणात. नागपूरला मंजुरी त्याच्या तीन वर्षं आधी मिळाली होती, त्यामुळे ती अट आपल्याला पहिल्या दिवसापासून लागूच झाली नाही. मेट्रो एका कंपनीची, बस महापालिकेची. दोघांचे गल्ले वेगळे, आणि एकाचं वेळापत्रक दुसऱ्याला बांधलेलं नाही.

मधल्या काळात स्थानकांवर सायकली, ई-स्कूटर ठेवून पाहिल्या. पण खरी गरज बसची, आणि केंद्राच्याच मापाप्रमाणे हजार लोकांमागे ०.६ बस हव्यात. २०११ च्या जनगणनेतले नागपूरचे २४ लाख धरले तरी ते १,४०० च्या वर जातं. शहरातल्या बसची संख्या त्याच्या जवळपासही कधी पोचलेली नाही.

डिसेंबर २०२२ मध्येच ४३.८ किलोमीटरचा दुसरा टप्पा मंजूर झाला. त्यात लोकमान्यनगरपासून हिंगण्यापर्यंतचा फाटा आहे, बुटीबोरी आणि कन्हानकडचेही आहेत. हिंगणा एमआयडीसीतली दुसरी पाळी रात्री अकराला सुटते, मेट्रोची शेवटची गाडी दहाच्या सुमारास निघून गेलेली असते. लोकमान्यनगर स्थानकाखाली त्या वेळी शेअर ऑटो उभे असतात. मागे चार, चालकाच्या दोन्ही बाजूंना एकेक, डबा मांडीवर. मीटर कुणी विचारत नाही, वीस रुपयांची नोट आधीच हातात धरलेली असते.