मोजक्या रंगांतील गेम-प्राणी : काम सोपवण्यापूर्वी

जुन्या कन्सोलसाठी गेम तयार करणारे आमचे ग्राहक बहुधा पहिल्याच भेटीत विचारतात, की त्यांच्या राक्षसाला आम्ही तीनच रंग का देतो. याचे कारण १९८३ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या रचनेत आहे. त्या यंत्रात हलणारे चित्र, म्हणजे स्प्राइट, ८×८ पिक्सेलच्या टाइल, म्हणजे छोटे चौकोनी तुकडे, जोडून तयार होते. प्रत्येक पिक्सेलला दोनच बिट मिळत असल्याने चार मूल्ये शक्य होतात, आणि त्यांतले एक पारदर्शक भागासाठी राखीव असल्यामुळे रंगांना तीनच उरतात.

एका स्प्राइटवर दुसरा ठेवून चौथा रंग मिळवता येतो. मात्र पडद्याच्या एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट उमटतात, नववा दिसतच नाही. म्हणून हा उपाय आम्ही प्रमुख शत्रूच्या डोळ्यांपुरताच वापरतो. पार्श्वभूमी काळी असेल, तर बाह्यरेषा पारदर्शक सोडली तरी ती काळीच दिसते आणि वाचलेला रंग अंगावरील उजळ छटेला देता येतो. आमच्या मते या कामातली ही सर्वांत मोलाची बचत आहे, आणि पार्श्वभूमीची चित्रे आम्ही आधी मागतो ती यासाठीच.

आमचा पहिला मसुदा संपूर्ण काळ्या रंगात भरलेला असतो. तो अपुरा समजू नये. केवळ आकारावरून प्राणी ओळखू आला नाही, तर कोणताही रंग त्याला सावरू शकत नाही. १९८१ सालच्या डाँकी काँग या गेममधील मारिओला टोपी आणि मिशी मिळाली, ती इतक्या लहान आकारात केस आणि तोंड रेखाटणे कठीण होते म्हणून, असे त्याचे निर्माते शिगेरु मियामोतो यांनी सांगितले आहे. १९८९ सालच्या गेम बॉय या हातात धरायच्या कन्सोलवर तर रंगच नव्हते, एकाच हिरवट रंगाच्या चार छटा होत्या. तिथे सगळी भिस्त आकारावरच होती.

१६×१६ पिक्सेलच्या प्राण्याच्या एका चित्राला ६४ बाइट लागतात, तर त्याचे तीन रंग बदलायला तीनच बाइट पुरतात. त्यामुळे त्याच चित्राचा लाल किंवा निळा भाऊबंद हवा असल्यास तो आरंभीच सांगावा, म्हणजे दोन्ही रंगसंगतींत उठून दिसेल अशीच छायांची मांडणी करता येते. स्प्राइटचे पॅलेट, म्हणजे तीन-तीन रंगांचे संच, एका वेळी चारच असल्याने, कोणते प्राणी पडद्यावर एकत्र येणार आहेत, याची यादीही कामासोबत द्यावी.