थँक्सगिव्हिंगची भरलेली टर्की

थँक्सगिव्हिंगची भरलेली टर्की : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, घरच्या मोठ्या जेवणासाठी अख्खा भाजला जाणारा पक्षी. पोटाच्या पोकळीत पाव, कांदा, सेलरी आणि लोणी यांचे सारण भरून तो ओव्हनमध्ये तीन ते पाच तास ठेवतात. एरवी वर्षभर टर्की खातात ती बहुधा सँडविचमधल्या पातळ चकत्यांच्या रूपात. या एका दिवशी मात्र सहा-सात किलोंचे धूड घरी येते. टर्की-उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अंदाजानुसार या सणाला सुमारे साडेचार कोटी टर्की खाल्ल्या जातात.

साहित्य पाहिले तर पदार्थ अगदी साधा आहे. अवघड आहे ते सगळे एकाच वेळी शिजवणे. छातीचे मांस, तंगडीचे मांस आणि पोटातले सारण या तिघांना वेगवेगळी आच लागते आणि ओव्हन एकच असतो. या पदार्थाभोवती जी तंत्रे, उपकरणे आणि दरवर्षीचे वाद उभे राहिले, त्यांतले बहुतेक या एका अडचणीतून आले आहेत.

इतिहास : सणाचा उगम म्हणून सांगितला जातो तो १६२१ च्या शरदातला प्रसंग. आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्लिमथच्या इंग्रज वसाहतवाल्यांनी आणि मॅसासॉइट या प्रमुखाबरोबर आलेल्या, तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग जमातीच्या सुमारे ९० पुरुषांनी तेव्हा तीन दिवस एकत्र जेवण केले. वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लो यांच्या पत्रात त्याचे वर्णन आहे. शिकार करून आणलेले पक्षी आणि वाम्पानोआगांनी आणलेली पाच हरणे यांचा त्यात उल्लेख आहे, टर्कीचा नाही. त्या हंगामात रानटर्की भरपूर मिळाल्याचे वसाहतीचे राज्यपाल विल्यम ब्रॅडफर्ड यांनी नोंदवले आहे, त्यामुळे ती पानात असू शकेल, एवढेच म्हणता येते. लोण्यात परतलेल्या पावाचे सारण मात्र असण्याची शक्यता कमी. वसाहतीत पहिल्या गाई १६२४ मध्ये आल्या.

आज दिसते ते जेवण एकोणिसाव्या शतकात घडले, आणि त्याचे श्रेय मुख्यतः एका संपादिकेला जाते. न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मलेल्या सेरा जोसेफा हेल यांनी १८२७ च्या आपल्या कादंबरीत न्यू इंग्लंडमधल्या थँक्सगिव्हिंगच्या मेजाचे सविस्तर वर्णन केले. मेजाच्या अग्रभागी सारणाचा दरवळ सोडणारी भाजलेली टर्की त्यातच आहे. पुढे स्त्रियांसाठीच्या एका लोकप्रिय मासिकाच्या संपादिका झाल्यावर त्यांनी हा सण साऱ्या देशाने एकाच दिवशी पाळावा यासाठी वर्षानुवर्षे लेख लिहिले, राज्यपालांना आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रे पाठवली. यादवी युद्ध ऐन भरात असताना, ३ ऑक्टोबर १८६३ रोजी, अब्राहम लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३९ मध्ये ख्रिसमसच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून तो आठवडाभर अलीकडे ओढला, त्यावरून मोठा गोंधळ झाला, आणि १९४१ मध्ये कायद्याने चौथा गुरुवार ठरला. वाम्पानोआग आणि इतर मूळ रहिवासी १९७० पासून त्याच दिवशी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात.

टर्कीच का, याचे उत्तर बरेचसे व्यावहारिक आहे. कोंबडी अंडी देते, गाय दूध देते. टर्की पाळायची ती मांसासाठीच. वसंतात उबवलेली पिले नोव्हेंबरपर्यंत अंगाने भरतात, आणि एका पक्ष्यात दहा-बारा माणसांचे जेवण होते.

पक्षी : टर्कीचे मूळ उत्तर अमेरिकेत. मेक्सिकोच्या परिसरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती माणसाळवली गेली. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली, तिथून ती इंग्लंडला पोहोचली आणि इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर अटलांटिक ओलांडून पुन्हा अमेरिकेत आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘ब्रॉड ब्रेस्टेड व्हाइट’ ही पांढऱ्या पिसांची, रुंद छातीची जात बाजारात सर्वत्र झाली. तिची छाती इतकी वाढवली गेली आहे की नर-मादीचा नैसर्गिक संयोग होत नाही आणि पैदास कृत्रिम रेतनाने करावी लागते. स्वयंपाकाच्या दृष्टीने त्याची किंमत अशी, की चटकन कोरडे पडणारे मांस सर्वांत जाड थरात पक्ष्याच्या वरच्या बाजूला आले. नॅरागॅन्सेट, बोर्बन रेड अशा जुन्या जाती काही शेतकरी अजून पाळतात. त्यांची छाती लहान, चव गडद आणि दर बराच जास्त असतो.

सारण : शिळा किंवा मुद्दाम वाळवलेला पाव चौकोनी तुकडे करून घेतात. लोण्यावर कांदा आणि सेलरी मऊ होईपर्यंत परततात, त्यात सेज, थाइम ही सुवासिक पाने आणि मिरपूड घालतात, मग पाव आणि तो भिजेल एवढे मांसाचे किंवा हाडांचे पाणी. कुणी अंडे फोडून घालते. सेजचा किंचित कडवट, कापरासारखा वास अमेरिकी माणसाला सणाची आठवण करून देतो. तो नसेल तर बाकी सगळे बरोबर असूनही काहीतरी राहिल्यासारखे वाटते.

या पायावर प्रत्येक प्रांत आपले काही चढवतो. दक्षिणेत गव्हाच्या पावाऐवजी मक्याचा पाव कुस्करतात आणि मिश्रण बहुधा पक्ष्यात न भरता वेगळ्या भांड्यात भाजतात. किनारपट्टीच्या भागात कालवे घालण्याची जुनी रीत आहे. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या घरांत कुस्करलेल्या बटाट्याचे सारण असते, मिनेसोटात तिथल्या तळ्यांत उगवणाऱ्या रानतांदळाचे, तर चिनी-अमेरिकी घरांत चिकट भात, लाप चाँग सॉसेज आणि मशरूमचे. १९७२ मध्ये डब्यातून पाच मिनिटांत होणारे तयार सारण बाजारात आले. पाककलेचे जाणकार त्याला नाके मुरडतात; खप त्यामुळे अडलेला नाही.

तयारी : घाई असणाऱ्यांची पंचाईत पहिल्याच पायरीवर होते. बहुतेक टर्की गोठवलेल्या मिळतात आणि त्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात हळूहळू निवळू द्याव्या लागतात: दर दोन किलोंमागे साधारण एक दिवस. म्हणजे सात किलोंच्या पक्ष्याला साडेतीन-चार दिवस. रविवारी फ्रीजमध्ये आला तर गुरुवारी कामाचा. विसरलेल्यांसाठी थंड पाण्याचा उपाय आहे: पिशवीसकट बुडवून ठेवायचे, दर अर्ध्या तासाला पाणी बदलायचे, दर अर्ध्या किलोला अर्धा तास धरायचा. ओट्यावर रात्रभर ठेवू नये. आत बर्फ असतानाच बाहेरच्या मांसावर जिवाणू वाढू लागतात. पक्षी नळाखाली धुवू नये असेही अमेरिकेचे कृषी खाते सांगते, कारण शिंतोडे भांड्याकुंड्यांवर उडतात आणि जंतू मरायचे ते ओव्हनच्या उष्णतेनेच. मांस धुतल्याशिवाय हात न लावणाऱ्या आपल्याकडच्या स्वयंपाकघरांना हा सल्ला पचणे अवघड आहे.

पोकळीत मान, काळीज, कलेजी यांची कागदी पुडी असते, ती काढायची. पहिल्यांदा टर्की करणाऱ्याला बऱ्याचदा ती वाढताना सापडते.

मीठ आदल्या दिवशी किंवा त्याआधीच लावले तर फरक पडतो. पूर्वी, विशेषतः १९९० च्या दशकात, बादलीभर मिठाच्या पाण्यात पक्षी बुडवण्याची लाट होती. आता सुके मीठ कातडीवर आणि कातडीखाली चोळून फ्रीजमध्ये उघडे ठेवण्याकडे कल आहे. मिठाने स्नायूंतली काही प्रथिने सैल होतात आणि भाजताना ओलावा धरून ठेवतात. उघड्यावर कातडी वाळते, म्हणून ती पुढे कुरकुरीत होते. पाण्याच्या पद्धतीत मांस फुगते खरे, पण त्यात चवीपेक्षा पाणीच जास्त शिरते.

सारण भरायचे ते ओव्हनमध्ये ठेवण्याच्या अगदी आधी, आणि सैल. पाव ओलावा पिऊन फुगतो. दाबून भरला तर मधला गोळा गार राहतो. रात्रीच भरून ठेवणे धोक्याचे. कोरडे आणि ओले जिन्नस वेगवेगळे करून ठेवले तरी सकाळचा वेळ वाचतो.

भाजणे : ओव्हन किमान १६३ अंश सेल्सियसवर ठेवतात. त्या आचेवर भरलेल्या साडेपाच ते साडेसहा किलोंच्या पक्ष्याला साडेतीन ते चार तास आणि नऊ ते अकरा किलोंच्या पक्ष्याला पावणेपाच ते सव्वापाच तास लागतात. घड्याळ हा केवळ अंदाज. विश्वास ठेवायचा तो थर्मामीटरवर. मांडीचा सर्वांत आतला भाग, छातीचा सर्वांत जाड भाग आणि सारणाचा मध्य, तिन्ही ठिकाणी ७४ अंश हवेत. हा आकडा कृषी खात्याने २००६ मध्ये सर्व प्रकारच्या कोंबडीवर्गीय मांसासाठी ठरवला.

पेच इथेच आहे. छातीच्या पांढऱ्या मांसात चरबी आणि स्नायू जोडणाऱ्या चिवट ऊती कमी, ते सत्तरीच्या पुढे गेले की रस सोडून चोथ्यासारखे होते. तंगडीत त्या ऊती भरपूर, त्या विरघळून मांस मऊ व्हायला ऐंशीच्या आसपास तापमान लागते. आणि सारण हाडांच्या पिंजऱ्यात सुरक्षित बसलेले, त्याला उष्णता सर्वांत शेवटी पोहोचते. शिवाय कच्च्या मांसाचा रस त्यात झिरपलेला असतो, म्हणून ते अर्धेकच्चे ठेवून चालत नाही. सारणाची पूर्ण वाट पाहावी तर छाती गेली. त्यामुळे सारण वेगळ्या भांड्यात भाजावे अशीच सरकारी शिफारस आहे. तरीही अनेक घरे ऐकत नाहीत, आणि त्यांच्या हट्टाला कारण आहे: पक्ष्यातल्या सारणात उतरलेली चरबी आणि रस बाहेरच्या सारणाला मिळत नाहीत. मधला मार्ग म्हणजे मांस झाले की पक्षी बाहेर काढायचा, सारण चमच्याने भांड्यात घेऊन पुन्हा ओव्हनमध्ये घालायचे आणि पक्षी मुरेपर्यंत त्याचे ७४ अंश पुरे करायचे.

बाकीचे उपाय कमी-अधिक कामाचे. छातीवर ॲल्युमिनियमची पन्नी झाकल्याने तिची आच कमी होते, हे खरे उपयोगी. दर अर्ध्या तासाला ट्रेमधला रस वरून ओतत राहणे ही परंपरा आहे, फायदा थोडा. ओव्हन उघडला की उष्णता जाते आणि वाळलेली कातडी पुन्हा ओली होते. मांसात खोचलेली, शिजल्यावर टपकन वर येणारी प्लॅस्टिकची खूण आतला मऊ धातू वितळल्याने सुटते. ती वर येईपर्यंत छाती बहुधा हातची गेलेली असते. सर्वांत पक्का उपाय म्हणजे कात्रीने पाठीचा कणा काढून पक्षी ट्रेवर चपटा पसरायचा. मग तंगड्यांना आच नीट लागते आणि वेळ निम्म्याहून कमी होतो. पण मग सारण भरायला जागा उरत नाही, आणि मेजावर अख्खा पक्षी मांडण्याचे दृश्यही जाते. चित्रकार नॉर्मन रॉकवेल यांच्या १९४३ मध्ये छापून आलेल्या गाजलेल्या चित्रात आजी मेजावर अख्खी टर्की ठेवते आहे. ते चित्र अमेरिकी मनात इतके रुजले आहे की चपटी टर्की रुचकर असूनही लोकांना ती मेजावर नको असते.

अडलेल्यांसाठी बटरबॉल या टर्की विकणाऱ्या कंपनीने १९८१ पासून दूरध्वनीवर सल्ला देण्याची सेवा चालवली आहे. निवळण्याविषयीचे प्रश्न तिथे नेहमीचे.

बाहेर काढल्यावर पक्षी निदान २० मिनिटे तसाच ठेवतात, नाहीतर कापताच रस ताटात वाहून जातो. तेवढ्या वेळात ट्रेमधल्या रसात मैदा परतून ग्रेव्ही होते. सोबत क्रॅनबेरीचा आंबटगोड सॉस, कुस्करलेले बटाटे, रताळी आणि शेवटी भोपळ्याचा ‘पाय’ (pie) हा गोड पदार्थ. छातीजवळचे दोन फाट्यांचे हाड वाळवून दोघे ओढतात. मोठा तुकडा हाती येईल त्याची इच्छा पुरी होते म्हणतात. जेवणानंतरच्या गुंगीचे खापर टर्कीतल्या ट्रिप्टोफॅनवर फोडले जाते, पण ते कोंबडीतही जवळपास तेवढेच असते. झोप येते ती भरपेट जेवणाने. उरलेले मांस आणि सारण दोन तासांच्या आत वेगवेगळे करून फ्रीजमध्ये ठेवायचे. शुक्रवारचे सँडविच अनेकांना गुरुवारच्या ताटाहून प्रिय असते.

इतरत्र : कॅनडात हाच सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येतो. ब्रिटनमध्ये टर्की ख्रिसमसची. विसाव्या शतकात तिने हंसाची जागा घेतली, सारण बहुधा सेज-कांद्याचे किंवा चेस्टनटचे.

भारतात टर्की पोर्तुगीजांमार्फत आली. मुकर्रबखान या सरदाराने १६१२ मध्ये गोव्याहून जहांगिरासाठी आणलेल्या चमत्कारिक प्राण्यांत ती होती. क्षणाक्षणाला रंग बदलणाऱ्या तिच्या डोक्यामानेचे वर्णन बादशहाने आत्मचरित्रात मोठ्या कौतुकाने केले आहे, आणि मन्सूर या चित्रकाराने काढलेले तिचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. गोव्यातल्या काही ख्रिस्ती घरांत नाताळला भरलेली टर्की भाजतात, पण त्याहून जास्त घरांत त्याच पद्धतीने कोंबडी होते.

अमेरिकेतल्या मराठी घरांना ही चार दिवसांची सुट्टी नातेवाइकांकडे जाण्याची असते. टर्की केलीच तर दही, आले-लसूण आणि तिखट कातडीखाली चोळून करण्याकडे ओढा दिसतो, कारण नुसत्या मीठ-लोण्याच्या चवीने सगळ्यांचे समाधान होत नाही. घरात शाकाहारी मंडळी असतात, म्हणून सारण पक्ष्यात न घालता भाज्यांच्या पाण्यात वेगळे भाजले जाते. कृषी खात्याची शिफारस तिथे आपसूक पाळली जाते.