मासळीच्या टेम्पोसाठी नायट्रोजनचं इंजिन

मिरकरवाड्याला सुरमई भरून तुमचा टेम्पो आंबा घाट चढतो तेव्हा डिझेल दोन ठिकाणी जळतं : गाडी ओढायला आणि थंड पेटीचा कॉम्प्रेसर फिरवायला. आम्ही बदलून देतो ते हे दुसरं इंजिन. गाडीचं आहे तसंच राहतं, हे आधीच सांगितलेलं बरं.

आमच्या इंजिनात काही जळत नाही. टाकीत असतो द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंशांचा. गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या नळ्या ज्या कॅनमध्ये बुडवून ठेवतात, त्यातलाच हा. घावनाच्या तापलेल्या बिड्यावर पाण्याचा थेंब कसा थयथय नाचतो, तसा हा वर्कशॉपच्या साध्या फरशीवर नाचतो. आपली रोजची हवाच त्याला चुलीसारखी. एक लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो आणि त्या जोरावर पिस्टन ढकलला जातो.

उकळताना तो भोवतालची ऊब इतक्या झपाट्याने ओढतो की बाहेरून तापवायला गेलं तर नळ्यांवर बर्फ धरतो, आपल्या दमट हवेत तर लगेच. ब्रिटनच्या पीटर डिअरमन यांनी पाणी आणि ग्लायकोलचं मिश्रण थेट सिलिंडरमध्ये सोडून त्याला आतच ऊब दिली. आमची रचना त्याच वाटेने जाते. नायट्रोजन आधी पेटीतल्या बंद नळ्यांतून फिरून मासळी गार करतो, मग इंजिनात जाऊन कॉम्प्रेसर चालवतो.

नायट्रोजन द्रव करायला वीज लागते. ती कोळशावरची असेल तर धूर तिकडे होतोच. पेटी गार ठेवण्यासाठी बंदरावर आणि घाटात मात्र होत नाही.

आता कळकळीने सांगतो. याला वास नाही, रंग नाही. कोंदट जागेत साठला तर प्राणवायू कमी पडून माणूस काही कळायच्या आत कोसळतो. टाकी उघड्यावरच भरा. बर्फ धरलेल्या नळीला उघडा हात लावू नका, कातडी चिकटते. सेफ्टी व्हॉल्व्ह मधूनमधून फुसफुसतो, तो बिघाड नव्हे. आवाज नको म्हणून चिंधी कोंबलीत तर टाकी फुटेल.

१ जूनला मासेमारी बंदी लागायच्या आधी आम्हाला बोलवा. उभ्या गाडीतही नायट्रोजन रोज थोडा उडतोच, त्यामुळे चारी बाजूंनी ताडपत्री बांधलेल्या शेडमध्ये भरली टाकी ठेवू नका. आम्ही दारात येऊन ती रिकामी करून देऊ, आणि हंगाम सुरू होताना खाऱ्या हवेने गंजलेले नट-व्हॉल्व्ह बदलूनच पुन्हा भरू.