पोपच्या नावावरून मुलांची नावे (सोलापूर)

कॅथलिक घरात मूल जन्मले की त्याला पोपचे, म्हणजे परमगुरुस्वामींचे, नाव देण्याची सवय जगात बऱ्याच ठिकाणी आहे. सोलापुरात ती नेमकी कोणत्या नावात आहे हे ओळखणे मात्र कठीण. फ्रान्सिस नावाच्या माणसाला विचारावे तर तो म्हणणार, आजोबांचे नाव ठेवले. आजोबांचे नाव बहुधा गोव्यात ज्यांचे शव ठेवले आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्यावरून आलेले. १३ मार्च २०१३ रोजी निवडून आलेल्या पोपने फ्रान्सिस हे नाव घेतले ते असिसीच्या संत फ्रान्सिसवरून, आणि त्याआधी या नावाचा एकही पोप झाला नव्हता. म्हणजे इथले फ्रान्सिस पोपच्या कितीतरी आधीचे. लिओ, ग्रेगरी, बेनेडिक्ट, क्लेमेंट यांचीही हीच गत: नाव पोपचे, पण घेतले संताकडून किंवा घरातल्याच कुणा वडीलधाऱ्याकडून.

त्यात पोपचे नाव हे त्याचे जन्मनाव नसते. ५३३ साली पोप झालेल्या जॉन दुसरे यांचे मूळ नाव मर्क्युरियस, रोमन देव मर्क्युरीवरून आलेले. आपल्याकडे तो ग्रह बुध. परमगुरूच्या गादीवर असे नाव शोभत नाही म्हणून त्यांनी ते बदलले, आणि पुढे तो पायंडाच पडला. जन्मनाव तसेच ठेवणारे शेवटचे पोप १५५५ मधले मार्सेलस दुसरे. त्यानंतरच्या प्रत्येकाने नाव उचलले ते आधीच्या पोपचे, संताचे नाहीतर येशूच्या एखाद्या प्रेषिताचे, म्हणजे पट्टशिष्याचे. बाळाला ते ठेवले की उसन्याचे उसने.

सोलापूर जिल्हा पुणे धर्मप्रांतात, म्हणजे पुण्याच्या बिशपच्या अखत्यारीत, येतो. या धर्मप्रांताची स्थापना १८८६ मध्ये लिओ तेरावे यांनी भारतातील धर्मप्रांतांची घडी बसवली तेव्हाची. शहरात ख्रिस्ती वस्ती एकाच धाटणीची नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून पोपला न मानणारी प्रॉटेस्टंट मंडळी उभी राहिली. त्यांच्यात पोपच्या नावाचा प्रश्नच उद्भवत नाही, जॉन किंवा पॉल आला तर तो थेट बायबलमधून. कॅथलिकांमध्ये मराठी घरे आहेत, तशी रेल्वेच्या निमित्ताने आलेली दक्षिणेकडची आणि गोव्याकडचीही. सोलापूर हे मध्य रेल्वेचे विभागीय ठाणे, त्यामुळे नावांची सरमिसळ व्हायचीच. तमिळ कॅथलिक पेत्राला (पीटर) रायप्पन म्हणतात, पौलाला (पॉल) चिन्नप्पन आणि योहानाला (जॉन) अरुळप्पन. अशा घरात पोपचे नाव असले तरी शेजारच्या मराठी माणसाला ते कळायचे नाही.

खरे पोपचेच म्हणावे असे एकच नाव इथे सापडते: जॉनपॉल. फ्रेंचांमध्ये ज्याँ-पॉल हे जोडनाव जुनेच आहे, पण आपल्याकडे ते आले रोमच्या वाटेने. ऑगस्ट १९७८ मध्ये निवडून आलेल्या पोपने आपल्या आधीच्या दोघांची, जॉन तेविसावे आणि पॉल सहावे यांची, नावे जोडून हे नाव घेतले. पोपने जोडनाव घेण्याची ती पहिलीच वेळ. तेहतीस दिवसांत ते वारले. १६ ऑक्टोबरला निवडून आलेले पोलंडचे कारोल वोयतिला यांनी तेच नाव पुढे चालवले, ते २००५ पर्यंत. पॉल सहावे १९६४ मध्ये मुंबईला येऊन गेले होते. भारतात आलेले ते पहिले पोप. जॉन पॉल दुसरे फेब्रुवारी १९८६ च्या भारतभेटीत पुण्यातही आले, सोलापूरपासून अडीचशे किलोमीटरवर. मराठी घरातला जॉनपॉल भेटला आणि त्याचे वय विचारायचे राहून गेले, तरी जन्म १९७८ नंतरचा असे धरायला हरकत नाही. बाकी कुठल्याही पोपच्या नावावरून असा अंदाज बांधता येत नाही.

या नावाची खरी परीक्षा होते शाळेच्या अर्जात. महाराष्ट्रात मे २०२४ आधी जन्मलेल्यांच्या अर्जाला चौकटी तीन: नाव, वडिलांचे नाव, आडनाव. 'जॉन पॉल' असे सुटे लिहिले की लिहून घेणारा जॉनला मुलगा समजतो आणि पॉलला बाप. मग खऱ्या वडिलांचे नाव आडनावाच्या चौकटीत सरकते आणि आडनाव बाहेर पडते. एकदा दाखल्यावर चढलेली चूक दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत पाठ सोडत नाही. शहाणे पालक म्हणूनच दोन्ही शब्द चिकटवून, एका रेघेखाली लिहितात. गल्लीत अर्थात एवढे लांब नाव कोण घेणार. तिथे 'का बे जॉन्या' एवढ्यावर भागते.

पायस हे बारा पोपांचे नाव. इंग्रजी वळणाने पायस लिहावे तर मराठीत ती खीर होते. लॅटिन वळणाने पियुस लिहिले की गुरुजी ते सुधारून 'पीयूष' करतात. ख्रिस्ती मुलाच्या दाखल्यावर पीयूष दिसले तर नाव अमृतावरून ठेवले की पोपवरून, हे आईवडीलच सांगू शकतील. इनोसंट हे तेरा पोपांचे नाव केरळात माणसांना असते. मराठी घरात ते रुळणे अवघड वाटते, कारण शाळेतली मस्तीखोर पोरे त्याचा अर्थ लगेच काढतील.

मुलींच्या वाट्याला यातले फार थोडे येते: पॉलीन, क्लेमेंटिना, बेनेडिक्टा. तिथे मारिया आणि तेरेसा यांच्यापुढे पोपचे काही चालत नाही.

चर्चचा नियम याबाबत पूर्वी कडक होता. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे (चर्चच्या कायद्याप्रमाणे) स्नानसंस्काराला, म्हणजे बाप्तिस्म्याला, ख्रिस्ती नाव मिळेल हे पाहणे फादरांचे काम होते. पालक ऐकत नसतील तर त्यांनी ठेवलेल्या नावाला संताचे नाव जोडून दोन्ही चर्चच्या वहीत लिहायची. वहीत ग्रेगरी आणि घरी प्रकाश, अशी जोडी जुळायची ती यातूनही. १९८३ च्या संहितेतील ८५५ वे कलम एवढेच म्हणते की ख्रिस्ती भावनेला परके वाटेल असे नाव नसावे. प्रकाश, अमोल, आशा यांना त्यात अडसर नाही. तरी बेनेडिक्ट सोळावे यांनी जानेवारी २०११ मध्ये व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपलमध्ये बाळांना स्नानसंस्कार देताना ख्रिस्ती नावाचे महत्त्व आवर्जून सांगितले होते.

हयात पोप हा संत नसतो, म्हणून त्याच्या नावाने बाळाला नामदिन, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा सण, मिळत नाही. सुरुवातीच्या जॉनपॉलांना योहान आणि पौल या दोघांवर निभवावे लागले. २७ एप्रिल २०१४ रोजी जॉन पॉल दुसरे संत जाहीर झाले आणि या मंडळींना, काहींना पस्तिशीत, २२ ऑक्टोबर हा स्वतःचा सण मिळाला.

८ मे २०२५ रोजी रॉबर्ट प्रीव्होस्ट यांनी लिओ चौदावे हे नाव घेतले. सोलापुरात या नावापुढे एक व्यावहारिक अडचण आहे: लिओ म्हणून हाक मारली की शेजारच्या बंगल्यातला कुत्राही येतो. पेत्राच्या नावाचे याच्या अगदी उलटे. संत पेत्रानंतर एकाही पोपने ते घेण्याचे धाडस केलेले नाही. जन्मनाव पेत्र असलेल्या जॉन चौदावे आणि सर्जियस चौथे यांनीही ते बदलले. इथल्या घरांत मात्र पीटर बिनदिक्कत ठेवतात.