क्रॉस-कंपायलेशनची साधने व त्यांची देखभाल

एका जातीच्या प्रोसेसरवर बसून दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी प्रोग्रॅम तयार करणे म्हणजे क्रॉस-कंपायलेशन. वायफाय राउटरवर किंवा एआरएम जातीच्या प्रोसेसरच्या छोट्या बोर्डावर मोठे पॅकेज कंपाइल करायला, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारी फाइल बनवायला, घेतले तर मेमरी पुरत नाही, नाहीतर रात्र सरते. म्हणून काम एक्स८६च्या (नेहमीच्या पीसीतल्या प्रोसेसरच्या) दणकट मशीनवर उरकायचे आणि तयार फाइल बोर्डावर न्यायची. त्यासाठी लागणाऱ्या संचाला टूलचेन म्हणतात: जीसीसीसारखा कंपायलर, बिनयुटिल्स या संचातले असेंब्लर व (तुकडे जोडून अंतिम फाइल बनवणारा) लिंकर, प्रोग्रॅमना लागणारी तयार फंक्शने असलेली सी लायब्ररी आणि लिनक्स कर्नलच्या हेडर फाइली, म्हणजे फंक्शनांच्या घोषणा असलेल्या फाइली.

ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या परिभाषेत ‘बिल्ड’ म्हणजे जिथे कंपाइल होते ते मशीन आणि ‘होस्ट’ म्हणजे जिथे प्रोग्रॅम चालणार ते. ‘टार्गेट’, म्हणजे ते हत्यार ज्या मशीनसाठी फाइली बनवते ते, याला अर्थ असतो तो कंपायलरसारख्या हत्यारांपुरताच. नवख्यांची गल्लत हमखास ‘होस्ट’वर होते, हा शब्द समोरच्या संगणकासाठी आहे असेच वाटते.

टूलचेन बांधताना आधी कोंबडी की आधी अंडे असा पेच येतो. पूर्ण जीसीसीला सी लायब्ररी हवी आणि ती लायब्ररी कंपाइल करायला जीसीसी हवा. तोडगा असा, की आधी लायब्ररीविना चालणारा तुटपुंजा जीसीसी बांधायचा, त्याने जीलिबसी (ग्नूची सी लायब्ररी) कंपाइल करायची आणि मग जीसीसी पुन्हा, या वेळी पूर्ण, बांधायचा. क्रॉसटूल-एनजी हे साधन ही पायरीवार कामे स्वतः करते. बिल्डरूट तर टूलचेनपासून बोर्डाच्या फाइल सिस्टिमपर्यंत सगळे तयार करून देते.

खरी मेहनत मात्र त्यानंतर सुरू होते, कारण बांधणारे आणि चालवणारे मशीन एकच आहे असे असंख्य पॅकेजे मनाशी धरून बसलेली असतात. कंपायलेशनआधी मशीनची तपासणी करणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट एखादा इवलासा प्रोग्रॅम कंपाइल करून लगेच चालवून बघते. एआरएमसाठीची फाइल एक्स८६वर चालत नाही. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’, म्हणजे ही फाइल इथे चालणारी नाही अशी चूक, येते. मग स्क्रिप्ट थांबते किंवा अंदाज बांधते. अशा स्क्रिप्ट तयार करणाऱ्या ऑटोकॉन्फच्या जुन्या आवृत्त्यांतले एक उदाहरण बघण्यासारखे आहे. शून्य बाइट मागितल्यावर मॅलॉक हे मेमरी देणारे फंक्शन काय परत देते, हे तपासता आले नाही की स्क्रिप्ट वाईटच धरून चालते आणि मॅलॉकऐवजी ‘आरपीएल_मॅलॉक’ हे नाव घालते. पॅकेजात तसे फंक्शनच नसेल, तर लिंकर शेवटच्या टप्प्यावर अडतो. चूक दिसते तिथे नसते, ती बरीच आधी झालेली असते. अशा वेळी तपासणीचे उत्तर कॅश व्हेरिएबलमधून (स्क्रिप्ट उत्तरे साठवते त्या नावातून) आधीच पुरवतात, किंवा दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या क्यूएमयूवर तो प्रोग्रॅम चालवतात.

दुसरा त्रास अधिक छुपा. बिल्ड मशीनच्या स्वतःच्या हेडर फाइली चुकून मध्ये शिरतात, कंपायलेशन बिनबोभाट पार पडते आणि प्रोग्रॅम बोर्डावर कोसळतो. म्हणून चालवायच्या मशीनची हेडरे व लायब्रऱ्या ‘सिसरूट’ या वेगळ्या डिरेक्टरीत ठेवतात आणि लायब्रऱ्या कुठे आहेत ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगलाही तिथेच बघायला लावतात.

डेबियन या लिनक्स वितरणाने हे काम आपल्या गाभ्यात आणले. २०१३ च्या व्हीझी आवृत्तीपासून मल्टिआर्क या सोयीमुळे वेगवेगळ्या आर्किटेक्चरच्या लायब्रऱ्या एकाच संगणकावर नांदू लागल्या. क्रॉस-टूलचेन आधी एमडेबियन या वेगळ्या प्रकल्पातून मिळत. २०१७ च्या स्ट्रेचपासून त्या मुख्य भांडारात आहेत. आज ‘क्रॉसबिल्ड-एसेन्शियल-एआरएम६४’ हे पॅकेज बसवले की हत्यारे हाताशी येतात. ज्यांनी कधी रात्री जागून टूलचेन हाताने बांधली, त्यांना या एका ओळीचे मोल कळते.

टूलचेन एकदा बांधून भागत नाही. २०२१ मध्ये आलेल्या जीलिबसी २.३४ वर लिंक केलेला प्रोग्रॅम सहसा त्याहून जुन्या जीलिबसीवर सुरूच होत नाही. त्यामुळे जुन्या उपकरणांसाठी जुनी लायब्ररी असलेली टूलचेनही जिवंत ठेवावी लागते. नवा प्रोसेसर आला की पॅकेजात वर्षानुवर्षे पडून असलेली ‘कॉन्फिग.सब’ ही प्रोसेसरांची नावे ओळखणारी फाइल त्याचे नावच ओळखत नाही. ६४-बिट एआरएमच्या वेळी याचा अनुभव आला. उपाय साधा आहे: ती फाइल प्रत्येक बिल्डच्या वेळी ताजी करणे. दुरुस्तीचा पॅच (बदललेल्या ओळींची फाइल) मात्र मूळ लेखकाकडे पोचवायला हवा. तो वितरणात पॅकेज सांभाळणाऱ्या मेंटेनरकडेच राहिला, तर पुढच्या आवृत्तीत ओळी सरकतात, पॅच लागत नाही आणि तीच दुरुस्ती पुन्हा करावी लागते.