स्क्रॅचिंगसाठी डिजिटल डीजे मिक्सर

स्क्रॅचिंगसाठी डिजिटल डीजे मिक्सर : दोन टर्नटेबलांचा आवाज एकत्र आणणारा आणि तो हव्या त्या क्षणी हाताने तोडता-जोडता यावा अशा बेताने बांधलेला मिक्सर. तबकडी हाताने पुढे-मागे घासून आवाज काढण्याचे स्क्रॅचिंग हे तंत्र १९७० च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ग्रँड विझर्ड थिओडोर याने रुजवले. टेक्निक्सचे एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ मध्ये बाजारात आले. त्यात मोटर पट्ट्याविना थेट फिरत्या थाळीला जोडलेली असते; अडवलेली तबकडी सोडताच वेग पकडते. पुढे तेच या कलेचे मुख्य वाद्य ठरले. वादकाचा एक हात तबकडीवर असतो आणि दुसरा मिक्सरच्या क्रॉसफेडरवर, म्हणजे एका टर्नटेबलाचा आवाज मिटवून दुसऱ्याचा उघडणाऱ्या आडव्या सरकत्या दांड्यावर. निम्मे वादन मिक्सरवरच होते, त्यामुळे तो केवळ आवाज पुढे पाठवणारा डबा समजून निवडला की पैसे वाया जातात.

नाशिकमध्ये डीजेंचे काम मुख्यतः गंगापूर रोड आणि संभाजीनगर रोडवरील लॉन्समध्ये, हळदी-संगीताच्या कार्यक्रमांत, वायनरींच्या मैफलींत आणि सणांच्या मिरवणुकांत असते. एका गाण्यातून दुसऱ्यात सफाईने जाणे एवढेच काम असेल तर चार चॅनेलचा (चार आवाज जोडता येणारा) क्लब मिक्सर किंवा साधा कंट्रोलर पुरतो. पण ज्या गावाच्या नावाने ढोल ओळखला जातो, तिथे ताशाची तर्री किंवा संबळाचा तुकडा घेऊन पथकासोबत थेट स्क्रॅच करणे ही फार मोठी शक्यता आहे. त्यासाठी दोन चॅनेलचा, ‘बॅटल’ पद्धतीचा मिक्सर लागतो. तो अरुंद असतो. क्रॉसफेडरच्या आजूबाजूची जागा बोटांसाठी मोकळी सोडलेली असते आणि नॉब वरच्या बाजूला सरकवलेले असतात.

क्रॉसफेडर

निवडीचा पहिला निकष क्रॉसफेडर, आणि बराच काळ दुसरा-तिसराही तोच. जुन्या फेडरमध्ये कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासत जाते. पट्टी झिजली किंवा धूळ बसली की खरखर सुरू होते, नाहीतर बंद केलेल्या चॅनेलचा आवाज झिरपू लागतो. चुंबकीय फेडरमध्ये हा स्पर्शच नसतो. दांड्याबरोबर सरकणाऱ्या चुंबकाची जागा सेन्सर टिपतो आणि चॅनेल किती उघडायचा ते प्रोसेसर ठरवतो. रेनचा सेव्हन्टी-टू (२०१७), पायोनियर डीजेचे डीजेएम-एस९ (२०१५) आणि डीजेएम-एस११ (२०२०) या मिक्सरांचे फेडर असे आहेत.

फेडर टोकापासून किती सरकल्यावर आवाज उघडतो, त्या अंतराला कट-इन म्हणतात. त्याचे महत्त्व ‘क्रॅब’ वाजवताना कळते. अंगठा फेडरला एका बाजूने स्प्रिंगसारखा टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूने करंगळीकडून तर्जनीकडे बोटे एकामागून एक फेडरवरून ओढायची. प्रत्येक बोट आवाज उघडते, अंगठा तो लगेच मिटतो. एका ओढीत तीन-चार तुकडे पडतात. कट-इन लांब असेल तर आवाज उघडण्याआधीच अंगठा फेडरला परत ढकलतो आणि बोटे नुसती खटखट करत राहतात. म्हणून कट-इन आणि फेडरचा ताण, दोन्ही वादकाला स्वतः बदलता आले पाहिजेत. उलट्या हाताने शिकलेल्यांना फेडरची दिशा उलटवणारा रिव्हर्स स्विचही हवा.

दुकानात तपासणी अशी करावी : दुसऱ्या चॅनेलवर एकसलग स्वर चालू ठेवावा, कर्व्ह (फेडर सरकवताना आवाज किती झटकन उघडतो ते ठरवणारी जुळणी) सर्वांत तीक्ष्ण करावा, फेडर डाव्या टोकाला टेकवून नखाने अगदी हळू उजवीकडे न्यावा आणि स्वर कुठे उघडतो ते पाहावे. मग फेडर डाव्या टोकावर जोराने आपटून सोडावा. तो उसळून परत येत असेल आणि क्षणभरही स्वर ऐकू येत असेल, तर स्टेजवर तोच दोष प्रत्येक कटमध्ये ऐकू येईल. ज्या दुकानात एवढे करू देत नाहीत तिथून मिक्सर घेऊ नये.

डिजिटल बाजू

अशा मिक्सरच्या आतच साउंड कार्ड असते आणि यूएसबीने तो लॅपटॉपला जोडला जातो. टर्नटेबलावर फिरते ती कंट्रोल तबकडी. तिच्यावर गाणे नसते, टाइमकोड म्हणजे तबकडीची हालचाल सांगणारा खुणेचा स्वर असतो. डीजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सेराटोच्या तबकडीत १ किलोहर्ट्झचा स्वर कोरलेला आहे. तबकडी जोरात फिरवली की तो चढतो, त्यावरून वेग कळतो. डाव्या-उजव्या चॅनेलमधील फेजच्या, म्हणजे कोणती लाट पुढे आणि कोणती मागे याच्या, फरकावरून दिशा कळते. सॉफ्टवेअर त्याप्रमाणे लॅपटॉपमधले गाणे पुढे-मागे करते. सेराटोने आपली अशी प्रणाली २००४ मध्ये रेनच्या साथीने ‘स्क्रॅच लाइव्ह’ या नावाने आणली.

इथे विलंब महत्त्वाचा. ४४.१ किलोहर्ट्झला १२८ नमुन्यांचा एक बफर (लॅपटॉप आवाज ज्या तुकड्यांत साठवून हाताळतो तो तुकडा) भरायला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात, ५१२ नमुन्यांचा ११.६. आवाज आत येताना आणि बाहेर जाताना दोन्हीकडे बफर असल्याने प्रत्यक्ष विलंब याहून जास्त भरतो. हात आणि आवाज यांत फट पडली की ताशाशी जुळवून वाजवणे अशक्य होते. म्हणून मिक्सर नेहमी स्वतःच्या लॅपटॉपवर, लहान बफर ठेवून तपासावा. पॅड आणि इफेक्ट उपयोगी आहेत, पण त्यांच्या संख्येवर भुलू नये. दोन यूएसबी पोर्ट मात्र आवर्जून पाहावेत. त्यांना दोन लॅपटॉप जोडले की गाणे न थांबवता एका डीजेकडून दुसऱ्याकडे सूत्रे देता येतात.

प्रत्यक्ष कार्यक्रमात

फोनो इनपुटला, म्हणजे टर्नटेबल जोडायच्या जागेला, येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो. लॉन्सवर जनरेटर चालू असताना अर्थिंग कच्चे असले की हाच सिग्नल गुणगुणतो. टर्नटेबलांच्या अर्थच्या तारा मिक्सरमागच्या स्क्रूला घट्ट आवळणे ही पहिली खबरदारी. मुख्य स्पीकरकडे जाणारी लाइन बॅलन्स्ड एक्सएलआर (बाहेरची गुणगुण रोखणारी) असावी आणि बूथचा, म्हणजे डीजेजवळच्या स्पीकरचा, आवाज स्वतंत्र नॉबने कमी-जास्त करता यावा.

शेजारी ढोलपथक असेल तर ठोक्यांचे हादरे फळीतून सुईपर्यंत पोहोचतात आणि सुई उडते. चालत्या ट्रकवर तर सुई टिकतच नाही. तिथे तबकडीवर बसवायचे वायरलेस सेन्सर किंवा मोटर असलेले कंट्रोलर बरे पडतात. विसर्जनातला गुलाल आणि रंगपंचमीला रहाडींभोवती (रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदांभोवती) उडणारे रंगाचे पाणी फेडरच्या फटीत शिरते. चुंबकीय फेडरही चिकटल्यावर जड होतो. मोजके स्क्रू काढून फेडर बाहेर काढता येईल असाच मिक्सर नाशिकच्या कामाला योग्य.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे; ठरावीक सणांना सवलत मिळते. स्क्रॅचमधले बारकावे तसेही प्रचंड आवाजात ऐकू येत नाहीत. मीटर लाल पट्ट्यात गेला की डिजिटल मिक्सर लाटेचे शेंडे सरळ छाटतो, आणि क्रॅब तर केवळ खरखर होऊन बाहेर पडतो.

वापरलेला मिक्सर घेताना

जुना मिक्सर घेणे गैर नाही. शिकणाऱ्याला तेच परवडते. मात्र आपल्या लॅपटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी त्याचा ड्रायव्हर (लॅपटॉपला मिक्सर ओळखायला लावणारे सॉफ्टवेअर) अजून मिळतो का, आणि वापरायचे सॉफ्टवेअर त्याला ओळखते का, हे पैसे देण्याआधी पाहावे. साउंड कार्ड निकामी ठरलेला मिक्सर साधा मिक्सर म्हणून चालतो, पण टाइमकोडसाठी वेगळे कार्ड घ्यावे लागते. त्या मॉडेलचा सुटा फेडर मिळतो का, किंवा त्यात इनोफेडरसारखा पर्यायी फेडर बसतो का, याचीही खात्री करावी. अशा सुट्या भागांसाठी नाशिककरांना अनेकदा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची वाट धरावी लागते, म्हणून एक जादा फेडर मिक्सरबरोबरच घेऊन ठेवावा.