जपानी छापे, हातकागद आणि फ्रेम : आमच्या गिऱ्हाइकांसाठी

आपल्या कोल्हापुरात शिवाजी पुलावर जुलैत पाऊस जसा तिरका येतो, तसा पाऊस असलेलं पुलाचं एक चित्र पुष्कळ जण मोबाइलवर दाखवतात आणि म्हणतात, "हे व्हॅन गॉगचं, मोठं करून फ्रेम करा." मूळ चित्र जपानी चित्रकार हिरोशिगेचं आहे, १८५७ सालचं. लाकडी ठोकळ्यांवरून छापलेलं, ए-फोर कागदापेक्षा जरासंच मोठं. व्हॅन गॉगने १८८७ साली पॅरिसमध्ये ते तैलरंगात पुन्हा रंगवलं, उंचीला दुपटीहून मोठं, आणि भोवती जपानी अक्षरांची चौकट काढली. त्या अक्षरांचा अर्थ आम्हाला विचारू नका. त्याने ती दुसऱ्या छाप्यांवरून उतरवून जागा भरली होती. दोन्हींपैकी कुठलं हवं ते ठरवून या. हिरोशिगे चार फुटी करायला आमचं मन होत नाही, पण भिंत तुमची.

आशियातली चित्रं बघून हात शिवशिवलेला व्हॅन गॉग काही पहिला नव्हे. सतराव्या शतकातल्या रेम्ब्रांट या डच चित्रकाराने हॉलंड न सोडता मुघल लघुचित्रांवरून शहाजहान रेखाटला, तोही शहाजहान हयात असताना आणि जपानी कागदावर.

आम्हाला मात्र सगळ्यांत जवळचा वाटतो रॉबर्ट राउशेनबर्ग. हा अमेरिकन चित्रकार १९७५ साली अहमदाबादला साराभाई कुटुंबाकडे आला आणि गांधीजींच्या आश्रमातल्या कागदशाळेत कामाला बसला. ओल्या लगद्याच्या दोन थरांमध्ये बांबूच्या कांबट्या दाबून त्याने कागद केले. दुसऱ्या कामांसाठी चक्क चिखल कालवला : माती, कागदाचा लगदा, मेथीची पूड, चिंचोक्याचं पीठ, खडूची भुकटी, डिंक आणि मोरचूद. ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा दुकानात सगळेच हसलो. चिंचोक्याची खळ शिजवून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची, म्हणजे कसर लागत नाही, हे आमच्या आजोबांचं रोजचं काम होतं. कुणी त्याला कला म्हटलं नाही.

फ्रान्चेस्को क्लेमेन्ते हा इटालियन चित्रकारही चेन्नईत राहून तिथल्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांबरोबर काम करायचा. सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या या गावात याचं नवल कुणाला वाटू नये. १९८० सालचं त्याचं एक मोठं चित्र पाँडिचेरीच्या हातकागदाच्या ९ तावांवर आहे. ताव सुती पट्ट्यांनी जोडलेले आहेत आणि पट्ट्या लपवलेल्या नाहीत.

या मंडळींना कागद, कड, जोड सगळंच चित्रात धरायचं होतं. फ्रेम करणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते, कारण आमची सवय कड माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, दडपायची. एकदा एका गिऱ्हाइकाने वडिलांच्या ट्रंकेतला जुना जपानी छापा आणला. समास वेडावाकडा होता, म्हणून आम्ही पट्टीला पाते लावून सरळ केला. खाली पडलेल्या बोटभर पट्टीवर प्रकाशकाचा लाल शिक्का होता. गिऱ्हाईक काही बोललं नाही, पट्टी पाकिटात घालून घेऊन गेलं. परत आलं नाही.

तेव्हापासून हातकागदाची किंवा छाप्याची कड आम्ही कापत नाही, कुणी सांगितलं तरी. लॅमिनेशनही करत नाही. चित्र वरच्या बाजूला दोनच ठिकाणी, पातळ जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी आणि गव्हाच्या खळीने टांगतो. आपल्याकडे पावसाळ्यात कागद फुगतो आणि उन्हाळ्यात आखडतो. चारी बाजूंनी चिकटवला तर सुरकुत्या येणारच. काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये अॅसिड-फ्री माउंट लागतो. तो साध्या माउंटपेक्षा महाग पडतो, पण साध्या माउंटने कागद कडेने पिवळा पडतो. फडफडती कड दिसायला हवी असेल तर चित्र माउंटवर तरंगतं ठेवता येतं. त्याला फ्रेम खोल लागते, एवढंच.

घरी टांगताना फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे लावा, ते आम्ही सोबत देतो. भिंत आणि चित्र यांत हवा खेळली की बुरशी कमी धरते. पश्चिमेच्या खिडकीसमोर जुना छापा लावू नका, रंग उडतात. आणि दुकानात आणताना चित्र गुंडाळून, रबर लावून आणू नका. दोन पुठ्ठ्यांत सपाट ठेवा, पाऊस असेल तर वरून प्लॅस्टिक. पुठ्ठे नसतील तर आधी रिकाम्या हाताने या, आम्ही देतो.